मॉड्युलर घर: किनाऱ्यावर बांधण्याआधी समजून घेऊ

तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात हल्ली एक वाक्य वरचेवर कानावर येतं: “चिरा महाग, गवंडी मिळत नाही, त्यापेक्षा तयार घर आणून ठेवूया.” पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढायच्या, कर्ज घ्यायचं, पावसाच्या आत काम उरकायचं. विचार चुकीचा नाही. पण ‘तयार घर’ म्हणजे काय ते न समजता आगाऊ रक्कम दिली, तर कर्ज राहतं आणि घर राहत नाही. म्हणून आज आम्ही शब्दांपासून सुरुवात करतो.

घराचे भाग कारखान्यात बनवून जागेवर जोडले, की ते प्रीफॅब. त्यात ढोबळ दोन प्रकार. एकात भिंतींचे, छपराचे सुटे पॅनल येतात. दुसऱ्यात वायरिंग-नळासकट अख्खी खोली पेटीसारखी येते. काटेकोर अर्थाने मॉड्युलर ते हेच. रस्त्याच्या कामावर दिसणारी पत्र्याची केबिन ही तिसरीच वस्तू. तिच्यावरून या घरांची परीक्षा करू नये.

कल्पना परकीही नाही. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. आज ज्या मंगळुरी कौलांना आपण ‘पारंपरिक’ म्हणतो, ती मुळात कारखान्याचाच माल. मुंबईच्या वॉटसन हॉटेलचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये तयार होऊन जहाजाने आला आणि इथे जोडला गेला. अलीकडे रांचीच्या सरकारी ‘लाइट हाउस’ गृहप्रकल्पासाठी काँक्रीटच्या तयार खोल्या एकावर एक रचण्याची पद्धत निवडली गेली.

आता गैरसमज बघू.

पहिला: “हलकं घर, पाया कशाला?” खरं तर उलट आहे. चिऱ्याची भिंत स्वतःच्या वजनाने बसून राहते. हलक्या घराला वारा ढकलतो आणि छप्पर वर खेचतो. मे २०२१ मधलं तौक्ते वादळ कोण विसरलंय? म्हणून छप्पर भिंतीला, भिंत सांगाड्याला आणि सांगाडा काँक्रीटच्या पायाला बोल्टने जखडलेला हवा. साखळीतली एक कडी कच्ची असली, की बाकीच्या फुकट. त्यातून देवबागसारख्या वाळूच्या पट्टीवर जमीन तपासल्याशिवाय पाया ठरवूच नये.

दुसरा: “उचलून नेता येतं, मग परवानगी कशाला?” हा सर्वांत महागात पडणारा. सीआरझेडचे नियम घर चिऱ्याचं की पॅनलचं, यावर थांबत नाहीत. जागा भरतीरेषेपासून किती अंतरावर आहे आणि तिथे काय करणार, हे बघतात. तात्पुरत्या पर्यटन सुविधांनाही अटी आहेत. आधी परवानगी, मग ऑर्डर.

तिसरा: “गॅल्व्हनाइज्ड आहे, गंजणार नाही.” जस्ताचा थर गंज लांबवतो, थांबवत नाही. खाऱ्या वाऱ्यात कापलेल्या कडा आणि स्क्रूची भोकं आधी धरतात. थर दर चौरस मीटरला किती ग्रॅम, स्क्रू कसले, हे विचारायलाच हवं.

चौथा: “स्वस्त पडतं.” कारखान्याच्या भावात पाया, शौचटाकी, वाहतूक, क्रेन बहुधा धरलेली नसते. अख्खी खोली घाटातून उतरवून माडांमधल्या अरुंद वाटेने आत न्यायची, तर खर्च वाढतो. कधी ती पोचतच नाही. आपल्याकडे म्हणून सुटे पॅनल अधिक सोयीचे. खरी बचत वेळेची: इकडे पाया होतो तेव्हाच तिकडे भिंती तयार होतात.

पाचवा: “पत्र्याचं घर म्हणजे भट्टी.” नुसता पत्रा तापतोच. मध्ये उष्णतारोधक थर असलेलं पॅनल तसं तापत नाही. मात्र चित्रातलं सपाट छप्पर कोकणच्या पावसाला चालणार नाही. उतार, लांब पागोळी आणि पडवी या आजोबांच्या घरातल्या गोष्टी नव्या घरातही लागतातच.

तेव्हा पैसे देण्याआधी चार गोष्टी लेखी मागा: वाऱ्याच्या भाराचा इंजिनिअरने सही केलेला हिशेब, पायाचा नकाशा, जस्ताच्या थराचा आकडा आणि जागेवर उभं करून देईपर्यंतचा एकूण खर्च. परवानगीचा कागद तुमच्या हातात हवा. हे देताना विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर व्यवहार तिथेच थांबवा.