तिसरी रात

रात्रीचे साडेनऊ. मोखाडा तालुक्यातला हा पाडा सडकेपासून अर्ध्या तासाच्या उतारावर. पौषातली थंडी कुडाच्या फटींतून आत येतेय. घरात दहा-बारा माणसं दाटीवाटीनं बसलीत आणि मधोमध, चुलीच्या उजेडात, चाळिशीचा एक माणूस विटा पाडतोय.

समोर गारा नाही, साचा नाही. तरी हात चुकत नाहीत. गोळा उचलायचा, साच्यात आपटायचा, वरचा काठ बोटांनी निपटायचा, साचा उलटा करून अलगद उचलायचा. वीतभर सरकायचं. पुन्हा गोळा. ओठ आकडे पुटपुटताहेत. एवढ्या थंडीत सदरा घामानं पाठीला चिकटलाय, बोटं थडथड उडताहेत. गळ्यात तुळशीची कोरी माळ.

"वारा लागलाय," दारातून कुणी म्हणतं. "त्र्यंबकच्या वाटंवर."

"ठाण्याला न्यायला पायजे," दुसरा म्हणतो. वेड म्हटलं की इथं ठाणंच आठवतं. तिथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं. इथून शंभराहून जास्त किलोमीटरवर.

भगतबाबा सुपातले तांदळाचे दाणे दोन-दोन करून सरकवताहेत. घाई नाही. आशाताई, पाड्याच्या आशा स्वयंसेविका, कुडाला टेकून उभ्या, गप्प. त्यांच्या ओसरीवर मी दोन दिवस मुक्कामाला आहे. हाक आली तसा बॅटरी घेऊन त्यांच्या मागं आलो. मला राहवत नाही. "ताई, बोला ना काहीतरी." त्या नजरेनंच मला थांबवतात. घरातल्या सगळ्या माना बाबांच्या बोटांकडे लागल्यात.

दाणे संपतात. बाबा सूप बाजूला ठेवतात. तेव्हा कुठं आशाताई खाली बसतात, त्याच्या बायकोच्या गुडघ्याला गुडघा लावून.

"शेवटचा घोट कधी घेतला त्यानं?"

बायको पदर तोंडाशी धरते. मोहाची कुणाच्या ना कुणाच्या घरी गळते. नाव निघालं की पोलीस येतात, एवढं तिला माहीत आहे.

"मी पोलिसांसाठी नाय विचारत, बाय. दवाखान्यात सांगाय लागंल."

ती बोटांवर मोजते. "दिंडी निघाली त्या पहाटं. एक मुक्काम वाटंला. एक निवृत्तिनाथांपाशी. आज तिसरी रात."

मग तुकड्यातुकड्यानं बाकीचं बाहेर येतं. दिवाळी झाली की दोघं भिवंडीकडे वीटभट्टीवर. आधी घेतलेली उचल फेडायची, आठवड्याला हातात पडते ती खर्ची. पहाटे गारा तुडवण्याआधी घोट, रात्री अंग दुखतं म्हणून घोट. अशी पंधरा वर्षं. यंदा यात्रेसाठी म्हणून मुकादमाकडून चार दिवस मागून घेतले. त्र्यंबकला माळ घातली. पाड्यानं कौतुक केलं. परतीच्या वाटेवर हात कापायला लागले तेव्हा सोबतच्यांना वाटलं, थंडी.

हा माणूस दारू प्याला म्हणून असा झालेला नाही, सोडली म्हणून झालाय. हे एक वाक्य प्रत्येक पाड्यात, प्रत्येक दिंडीत, माळ घालणाऱ्या प्रत्येक महाराजांनी सांगावं असं मला कळवळून वाटतं. वर्षानुवर्षं रोज दारू पोटात गेली की तिच्या गुंगीला तोल म्हणून मेंदू स्वतःला ताणून धरतो. दारू एकाएकी थांबली तरी ताण तसाच राहतो. आधी थरथर, घाम, झोपेचं खोबरं; फिट येऊ शकते; आणि साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा भ्रम. डॉक्टर त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार नाही मिळाले तर माणूस दगावू शकतो. हे ठाऊक नसतं तर मीही त्या तांदळांकडेच बघत बसलो असतो.

पाड्यात रेंज नाही. ती मिळते टेकाडावरच्या आंब्याखाली, तेही खोडाच्या एकाच बाजूला. आशाताई तिथं उभ्या राहून १०८ लावतात. गाडी मोखाड्याहून निघेल, सडकेवर या. फोन ठेवता ठेवता त्या दुसरा नंबर फिरवतात: १४४१६. टेली-मानस. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू झालेली सरकारी हेल्पलाइन. चोवीस तास, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. पलीकडची बाई शांतपणे विचारतेय: फिट आली का, ताप आहे का, हाताशी हत्यार आहे का. दवाखान्यात न्यायला उशीर करू नका. तोवर दिवा चालू ठेवा, गर्दी कमी करा, ओळखीच्या एकाच माणसानं बोला.

हत्याराचं ऐकून आम्ही धावत खाली येतो. बायकोनं कोयता केव्हाच कणगीमागं टाकलाय.

दोघं तिघं दोरी घेऊन पुढं येतात. "बांधू नका," आशाताई पहिल्यांदाच आवाज चढवतात. माणसं बाबांकडे बघतात. बाबा उठतात, त्याच्या कपाळाला अंगारा लावतात. "माझा झाला. आता सुईवाल्याचा. झोळी करा." दोरी गोधडीला बांधली जाते, गोधडी बांबूला. त्या एका शब्दानं जे झालं ते माझ्या सगळ्या पुस्तकी शहाणपणानं झालं नसतं.

चढ. बॅटरीचे दोन उजेड. खांदे बदलत पाऊण तास. झोळीतून दोन हात बाहेर आलेत, विटा पाडताहेत.

मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर नाडी बघतात, आशाताईंना विचारतात आणि त्या वाक्यभरात सांगतात: रोजची दारू, बंद झाल्याची तिसरी रात्र. त्या तीन रात्रींचा हिशेब ऐकल्यावर डॉक्टरांचे पुढचे प्रश्न तोकडे होतात. थायमिनचं, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचं, इंजेक्शन आधी, ग्लुकोज त्यानंतर. मग मेंदूचा ताण उतरवायचं इंजेक्शन. इथून जव्हारला हलवायचं.

"केस होईल का?" बायको मला विचारते, कारण मी शर्ट-पँटवाला. नाही होणार, मी सांगतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूपायी होणाऱ्या अशा अवस्थाही आजारातच धरल्यात. तिला कायदा नको असतो. तिला 'नाही' एवढंच हवं असतं. ती मान हलवते.

जव्हार. पतंगशहा कुटीर रुग्णालय. पहाटेचे सव्वातीन. सलाईनच्या नळीला हात लागू नये म्हणून बायको त्याचं मनगट धरून बसलीय. धरलेला हात गप्प. मोकळा हात अजून काठ निपटतोय, सावकाश. औषध चढतंय.

"माळ तुटली का?" ती आशाताईंना विचारते. "सुईत गुंगीचाच औषध ना?"

"नाय तुटत," आशाताई म्हणतात. "तो औषध आहे. डाक्तर सांगंल तेवढा, तेवढेच दिवस." त्या उठतात, सकाळी पाड्यावर बाळांना डोस द्यायचेत, पहिली एसटी गाठायचीय.

तो डोळे अर्धवट उघडतो. "किती?"

भट्टीवर मजुरी हजारावर ठरते. बायको त्याच्या कानाशी वाकते.

"हजार भरल्या. नीज आता."

हात गोधडीवर पडतो.