नव्व्याण्णवचा घोटाळा

दिवाळीत आकाशकंदील लावताना आतला दिवा कोणत्या कंपनीचा, हे कोणी विचारीत नाही. दुकानातून कुठलाही आणावा, होल्डरात दाबून किंचित फिरवावा, की लागला! ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे की, कोणीतरी एकदा बसून तिचे माप ठरवले असेल, हे आपल्या मनातही येत नाही. माप ठरलेले नसले म्हणजे काय होते, ते मी शेंद्र्याला एका रात्रीत शिकलो.

शेंद्रा ही शहरातून जालन्याकडे जाताना लागणारी औद्योगिक वसाहत. २००१ साली येथे स्कोडाचा मोटारींचा कारखाना सुरू झाला. पुढे ऑरिक ही नवी उद्योगनगरीही येथेच वसू लागली. अशा मोठ्या कारखान्यांच्या सावलीत पत्र्याच्या शेडमधली लहान वर्कशॉपे जगत असतात. त्यांतल्याच एका वर्कशॉपात पोलादी पिना भट्टीत तापवून कठीण करीत. भट्टीचे तापमान वाजवीपेक्षा चढले, तर मालकांच्या मोबाइलवर निरोप जावा, अशी व्यवस्था मी करून दिली होती. भट्टीपाशी एक लहान संगणक आणि त्याला इंटरनेटचे डोंगल, एवढाच संसार. डोंगलची रेंज कमी झाली, तर वॉचमनच्या खोलीत घंटा वाजावी, म्हणजे तो स्वतः जाऊन भट्टी पाहील, असा दुसरा बंदोबस्तही होता.

२०१३ सालच्या हिवाळ्यात मालकांनी दुसऱ्या कंपनीचे डोंगल आणले. बाहेरून दोन्ही जुळी भावंडे. पण स्वभाव अगदी निराळे. जुने सीडीएमए पद्धतीचे. ते जोडायला #७७७ फिरवावे लागे. नवे जीएसएम पद्धतीचे. त्याला *९९# हवे. शिवाय नवे संगणकाला लावले की आधी सांगे, "मी मोडेम नव्हेच, मी सीडी आहे!" कंपनीचा प्रोग्रॅम त्याच्या पोटात भरलेला असे, म्हणून हे सोंग. त्याला खास संदेश धाडून सोंग उतरवायला लावले, म्हणजे मग ते मोडेम होई. हे सारे मी जुळवले आणि निश्चिंत मनाने घरी आलो.

दोनच दिवसांनी रात्री भट्टीचा कॉन्टॅक्टर चिकटून बसला. वीज बंद होईना, भट्टी तापतच राहिली. नेमकी त्याच वेळी रेंज गेलेली, त्यामुळे निरोप गेला नाही. आणि घंटाही वाजली नाही. सकाळपर्यंत सगळ्या पिना वाजवीपेक्षा तापून ठिसूळ झाल्या होत्या.

"साहेब, घंटा वाजलीच नाही हो," वॉचमन कळवळून सांगत होता. पडद्यावर आदल्या रात्रीची नोंद होती : सिग्नल ९९.

मालक बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "इंजिनिअरसाहेब, आमच्या पोराला शाळेत कधी नव्व्याण्णव पडले नाहीत. तुमच्या यंत्राला पडले, आणि माझा माल गेला."

चूक माझीच होती. जुन्या डोंगलचा प्रोग्रॅम रेंजचे गुण शंभरपैकी देत असे. नवे मात्र शून्य ते एकतीस या मापात उत्तर देई. आणि त्या मापात ९९ याचा अर्थ 'माहीत नाही'! माझ्या प्रोग्रॅमला वाटले, स्वारी पहिल्या वर्गात पास झाली. मग घंटा कशाला वाजवा?

त्यानंतर मी ते सगळे काम पुन्हा केले. भट्टीच्या प्रोग्रॅमने कंपनीचे नावही काढायचे नाही. त्याने ठराविक प्रश्नच विचारायचे : तयार आहेस का? रेंज किती? जोडतोस का? सोडतोस का? खाली प्रत्येक जातीच्या डोंगलसाठी एकेक दुभाष्या बसवला. त्यालाच ड्रायव्हर म्हणतात. आणि रेंजच्या उत्तरात 'माहीत नाही' याला आकडा न देता स्वतंत्र जागा दिली. ते उत्तर आले, की घंटा वाजलीच पाहिजे.

मी शेंद्र्यात जे लहान प्रमाणावर केले, ते मोठ्या जगात आधीच सुरू झाले होते. मोडेमशी बोलण्याची 'एटी' ही भाषा १९८१ च्या हेज कंपनीच्या मोडेमपासूनची. पण प्रत्येक कारखानदाराने तिच्यात आपली बोली मिसळली होती. २००९ च्या विंडोज ७ मध्ये मोबाइल इंटरनेटच्या ड्रायव्हरांसाठी एकच चौकट आली. २०११ साली यूएसबीचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने 'एमबीआयएम' नावाचा समान करार प्रसिद्ध केला, आणि २०१२ च्या विंडोज ८ मध्ये त्याचा ड्रायव्हर घरचाच मिळू लागला. लिनक्समध्ये तो २०१३ साली आला. तेथे मोडेममॅनेजर नावाचा प्रोग्रॅम निरनिराळ्या जातींच्या मोडेमांची भांडणे स्वतःच्या अंगावर घेतो आणि वरच्याला एकच शांत उत्तर देतो. २०२१ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातच अशा मोडेमांसाठी सामाईक चौकट बसवली गेली.

गंमत अशी, की त्या एमबीआयएम करारातही रेंजचे माप शून्य ते एकतीसच आहे, आणि ९९ म्हणजे 'माहीत नाही' हेही तसेच आहे! करार झाला म्हणून तो वाचण्याचे कष्ट काही वाचत नाहीत.

मालकांनी तो माल पदरमोड करून पुन्हा बनवून दिला. गिऱ्हाईक टिकले. मी त्या कामाचे पैसे घेतले नाहीत, आणि त्यांनीही आग्रह केला नाही. नवी व्यवस्था बसवली त्या दिवशी ते एवढेच म्हणाले, "ज्याला ठाऊक नसेल त्यानं ठाऊक नाही म्हणून सांगावं. यंत्रानंही, आणि इंजिनिअरनंही."

मी डोंगल उपसून हातात घेतले. वॉचमनच्या खोलीत घंटा खणखणू लागली. इतका कर्कश आवाज मला त्यापूर्वी कधी इतका गोड लागला नव्हता.