खडूच्या दोन खुणा

घरातली कुठलीही सायकल घ्या. हँडलला हात न लावता नुसती सीटला धरून उभी करा आणि हळूच डावीकडे कलवा. काय झालं? हँडल आपोआप डावीकडे वळलं! उजवीकडे कलवा, उजवीकडे वळेल. कुणी सांगितलं त्याला? ना मोटार, ना सेन्सर, ना स्प्रिंग. सायकल जिकडे पडू लागते तिकडेच चाक वळवते, म्हणजे पडता पडता स्वतःच्या खाली पाऊल टाकते. नुकतं चालायला लागलेलं मूल तोल गेला की नेमकं हेच करतं.

या नवलापाशी मी पोचलो भाचीमुळे. तिची उंची पाच फूट दोन इंच, आणि जीव जडलेला माझ्या रॉयल एनफील्ड हिमालयनवर. या ४११ सीसी गाडीची सीट जमिनीपासून ८०० मिलीमीटरवर. सिग्नलला थांबलं की तिचे चवडे टेकतात, टाचा अधांतरीच. ती म्हणाली, "मामा, पुढून जरा खाली घेऊ या ना गाडी. नळ्या टीमधून वर सरकवल्या की झालं."

अगदी बरोबर होतं तिचं. हे काम घरी होतं, आणि का होतं हेच मुळी बघण्यासारखं आहे. पुढच्या शॉकअपच्या दोन नळ्या दोन 'टी'मध्ये पकडलेल्या असतात, वरच्या आणि खालच्या. तिथे ना वेल्डिंग, ना खाच, ना खिट्टी. ४१ मिलीमीटर जाडीच्या गुळगुळीत नळीला टी नुसती मिठी मारते आणि बोल्ट ती मिठी आवळतात. सुमारे दोनशे किलोंची गाडी, वर दोन माणसं, दोन्ही बाजूंना सामान, ताम्हिणी घाटातले खड्डे, आणि नळी जागची हलत नाही ती कशाच्या जोरावर? घर्षणाच्या!

गाडी डबल स्टँडवर घेतली. इंजिनाखाली लाकडी फळी ठेवून जॅक लावला, कारण मिठी सुटली की गाडीचं नाक तोलून धरायला दुसरं काही उरत नाही. बोल्ट सैल केले आणि जॅक अगदी सावकाश उतरवला. नळ्या जागीच राहिल्या आणि अख्खी गाडी त्यांच्यावरून खाली घसरत आली. वरच्या टीच्या डोक्यावर दोन चकचकीत कडा उगवल्या. व्हर्निअर लावून दोन्हीकडे बरोबर १० मिलीमीटर मोजले. डावी-उजवी केसभरही कमी-जास्त नको, नाहीतर चाकाचा ॲक्सल तिरका बसतो. मग टॉर्क पान्याने, मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढंच आवळलं. जोर जास्त झाला तर नळीचा गोलावा बिघडतो.

आता सीट मोजली. किती उतरली असेल? जेमतेम ३ मिलीमीटर!

बाकीचे सात गेले कुठे? दाराची कडा हातभर सरकते तेव्हा बिजागरीजवळचा भाग बोटभरच हलतो ना, तसं हे. गाडी मागच्या ॲक्सलभोवती झुकते आणि सीट त्या बिजागरीच्या जवळ आहे. म्हणजे पाय टेकावेत म्हणून नुसती पुढची बाजू उतरवणं फळत नाही, हे माझं स्पष्ट मत. खरी उंची उतरते मागून, मोनोशॉकच्या, म्हणजे मागच्या एकुलत्या शॉकअपच्या, लिंकेजची पट्टी बदलून. पुढून उतरवायचं ते त्या बदलाला जोड म्हणून, गाडीचा मूळ कल टिकावा म्हणून.

पण मग त्या १० मिलीमीटरांनी काहीच केलं नाही? इथे खडू काढला.

हँडल ज्या तिरक्या अक्षाभोवती फिरतं, ती रेघ एक लांब काठी धरून जमिनीपर्यंत वाढवली आणि जिथे टेकली तिथे खूण केली. दुसरी खूण पुढच्या ॲक्सलवरून सोडलेल्या ओळंब्याखाली, म्हणजे टायर जिथे जमिनीला टेकतो तिथे. पहिली खूण पुढे, दुसरी मागे, मध्ये साधारण दहा-अकरा सेंटिमीटर. गाडीचं शहाणपण बरंचसं या वीतभरही नसलेल्या अंतरात आहे! त्याला म्हणतात ट्रेल.

दवाखान्यातल्या स्ट्रेचरचं चाक आठवा. वरची खुंटी पुढे असते आणि चाक तिच्या मागे ओढलं जातं. स्ट्रेचर कुठेही ढकला, चाक गर्रकन फिरून मागे जातं आणि सरळ धावू लागतं. मोटरसायकलचं पुढचं चाकही असंच आपल्या खुंटीमागे चालतं. खड्ड्याने ते वाकडं केलं तर जमीनच त्याला ढकलून परत ओळीत आणते. सायकल कलवल्यावर हँडल वळलं त्यातही या अंतराचा मोठा हात होता.

मोठा हात, सगळा नव्हे. डेव्हिड जोन्स नावाच्या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने चालवताच येणार नाही अशी सायकल बनवायचा ध्यास घेतला आणि १९७० साली त्याची हकिकत छापली. फिरत्या चाकाचा भोवऱ्यासारखा परिणाम सायकल उभी ठेवतो अशी समजूत होती. त्याने उलटं फिरणारं जादा चाक लावून तो परिणामच मारला. सायकल तरी चाललीच! मग पुढचं चाक आणखी पुढे नेऊन त्याने ट्रेल मोडला, तेव्हा कुठे ती चालवायला अवघड झाली. इथेच निकाल लागला असं वाटेल. पण २०११ साली कॉर्नेल आणि डेल्फ्टच्या संशोधकांनी भोवऱ्याचा परिणाम जवळपास शून्य आणि ट्रेल किंचित उलटा असलेली सायकल बनवली. वजनाची मांडणी अशी बेतली की ढकलून सोडल्यावर तीही स्वतःला सावरायची! दुचाकी कशामुळे उभी राहते याला एकच एक उत्तर नाही.

आमच्या १० मिलीमीटरांनी हिमालयनचा कल सुमारे एक तृतीयांश अंशाने बदलला. घड्याळाचा मिनिटकाटा तीन-साडेतीन सेकंदांत सरकतो तेवढाच. खडूच्या खुणांमधलं अंतर अंदाजे अडीच मिलीमीटरने घटलं. ट्रेल घटला की हँडल हलकं होतं, गाडी घाटाच्या वळणात पटकन शिरते आणि द्रुतगती रस्त्यावर थोडी चुळबुळी होऊ शकते.

आणि आता सगळ्यात मोठं नवल. समोर म्हैस आली आणि तुम्ही कचकन ब्रेक दाबला. या गाडीचा पुढचा शॉकअप एकूण २०० मिलीमीटर दबू शकतो. त्यातले १०० दबले तरी, आम्ही दुपारभर खपून जे केलं त्याच्या दहापट बदल डोळ्याचं पातं लवायच्या आत होतो. कल साडेतीन अंशांनी उभा होतो, खुणा अडीच सेंटिमीटरने जवळ येतात, आणि ब्रेक सोडताच सगळं परत जागेवर! खडूने आखलेली ती भूमिती रस्त्यावर क्षणभरही स्थिर नसते, श्वास घेतल्यासारखी आत-बाहेर होत असते. टीमधून नळी सरकवणं म्हणजे तो श्वास कुठून सुरू व्हावा ते ठरवणं. आत जायला चाकाला तेवढी जागा मात्र हवी. म्हणून शॉकअप पूर्ण दबल्यावर टायर वर कशाला घासत नाही ना, हे आधी पाहायचं.

भाचीने सोसायटीच्या आवारात दोन फेऱ्या मारल्या. खुणा केल्या तेव्हा ती चहा करायला वर गेली होती, ट्रेलबद्दल मी तिला एक अक्षर बोललो नव्हतो. उतरल्या उतरल्या तिने विचारलं, "मामा, हँडल हलकं केलंत का?"

अंधार पडल्यावर शेवटचं काम. सुरुवातीलाच गाडी भिंतीपासून ५ मीटरवर उभी करून हेडलाइटच्या झोताची वरची कड पेन्सिलीने आखून ठेवली होती. आता त्याच जागी उभी करून दिवा लावला, तर झोत रेघेच्या ३ सेंटिमीटर खाली. रस्त्यावर ५० मीटरवर हेच ३० सेंटिमीटर होतात. भाची भिंतीशी बोट लावून उभी राहिली, मी स्क्रू फिरवत गेलो, आणि तिने "बास" म्हटलं तेव्हा उजेड पुन्हा रेघेवर आला होता.