तळघरातील ओल आणि मुलांची छाती

काही वर्षांपूर्वी देवासच्या एका नव्या वसाहतीतील सहा वर्षांचा मुलगा दर पावसाळ्यात धाप लागून माझ्याकडे येत असे. मी नेब्युलायझर दिला, इनहेलर सुरू केला; उदबत्ती, डासांची कॉइल, पाळीव मांजर यांविषयी चौकशी केली. दिवाळीनंतर तो बरा होई आणि श्रेय मी औषधांना देई. तिसऱ्या वर्षी त्याच्या आजी सोबत आल्या आणि सहज बोलून गेल्या, ‘‘अभ्यासाला खालची खोली दिली आहे त्याला. झोपतोही तिथेच. पण वह्यांनासुद्धा बुरशी येते हो तिथे!’’ घरात तळघर आहे का, हा प्रश्न मी तीन वर्षांत एकदाही विचारला नव्हता.

ओलसर घरात राहणाऱ्यांना श्वसनाच्या तक्रारी, संसर्ग आणि दम्याचा जोर वाढण्याचा धोका अधिक असतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट केले आहे. बुरशीची अमुक एक मात्रा सुरक्षित, अशी रेषा मात्र त्यांनी आखलेली नाही. ओलच दूर करावी, असे सांगितले आहे. तेव्हा बुरशीवर रंगाचा हात फिरवणे म्हणजे पुरळावर पावडर लावण्यासारखे आहे.

आपल्या माळव्यात तळघर नवे नाही. मांडूच्या चंपा बावडीला जोडलेल्या भूमिगत खोल्या उन्हाळ्यात गारवा मिळावा म्हणूनच बांधल्या गेल्या. तेथे पाणी शेजारी असावे अशी योजना होती आणि हवेला वाट होती. आपली आजची तळघरे म्हणजे काळ्या मातीत पुरलेल्या बंद पेट्या. ही माती ओली झाली की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून थेट खाली उतरते आणि खालच्या खडकावर साचून राहते. त्यात बांधकामाच्या वेळी भिंतीभोवती खणलेला चर आपण त्याच भुसभुशीत मातीने भरतो. अशा रीतीने घराभोवती जणू एक वाडगाच तयार होतो. भिंतीबाहेर एक मीटर पाणी साचले, तर तळाशी दर चौरस मीटरला सुमारे एक टन दाब पडतो. आतून लावलेला जलरोधक थर कालांतराने सोलून निघतो, तो या दाबामुळे.

म्हणून गवंड्याला बोलावण्याआधी निदान करावे. डॉक्टर मंडळींना हे वेगळे सांगायला नको! प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवावा आणि एक-दोन दिवसांनी पाहावा. थेंब भिंतीच्या बाजूला असतील, तर पाणी मातीतून झिरपते आहे. खोलीच्या बाजूला असतील, तर हवेतील बाष्प थंड भिंतीवर जमते आहे. या दुसऱ्या प्रकारात भर श्रावणात ‘हवा खेळू दे’ म्हणून खिडक्या उघडल्या, तर ओल उलट वाढते. तेथे कोरड्या दिवसाची वाट पाहावी किंवा आर्द्रता शोषणारे यंत्र लावावे.

झिरपा असेल तर उपचार बाहेरून सुरू करावा. गच्चीचे पाणी भिंतीपासून दूर न्यावे, घराभोवती पहिल्या दहा फुटांत किमान सहा इंच उतार द्यावा, फरसबंदीच्या भेगा बुजवाव्यात. बहुतेक घरांत एवढ्यानेच मोठा फरक पडतो. तरीही पाणी आले, तर बाहेरून खोदून जलरोधक थर आणि खडीतून निचऱ्याची नळी, किंवा आत खड्डा करून पंप. काँक्रीटच्या एखाद्या भेगेतून पाणी येत असेल तर रसायन भरून ती बंद करता येते. पण मूळ पाणी तसेच राहिले तर ते शेजारची जागा शोधते.

जुन्या वाड्यांचे मात्र निराळे. धारच्या आमच्या वाड्यात तळघराच्या चुन्याच्या भिंतीला लोणा लागला, तेव्हा मी हौसेने सिमेंटचा गिलावा करून घेतला. दोन वर्षांत ओल वरच्या मजल्याच्या माजघरापर्यंत चढली. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंटने तिची वाट अडवली. शेवटी सारा गिलावा खरवडून पुन्हा चुनाच लावला. दुप्पट खर्च झाला आणि घरच्यांची बोलणीही खावी लागली.

देवासकरांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. १९९० च्या सुमारास या शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पुढे जिल्हाधिकारी मोहन राव यांच्या पुढाकाराने छतावरचे पाणी कूपनलिकेत सोडणारा ‘देवास फिल्टर’ आला : १४० मिलिमीटर व्यासाचा, सव्वा मीटरच्या आत-बाहेर लांबीचा पीव्हीसी पाइप आणि त्यात तीन कप्प्यांतील गोटे. योजना उत्तमच. पण अशा व्यवस्थेत पहिल्या पावसाचे घाण पाणी बाहेर सोडण्याचे तोंड कोठे उघडते, हे पाहिले पाहिजे. त्या मुलाच्या घरी ते त्याच्याच खोलीच्या भिंतीपाशी उघडत होते.

पाणी तुंबलेच, तर वीज बंद केल्याशिवाय खाली उतरू नये. डिझेलचा पंप तळघरात चालवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बाहेरची माती तुडुंब असताना सारे पाणी एकदम उपसू नये, बाहेरच्या दाबाने भिंत आत येऊ शकते; दिवसाला फूटभर उपसावे. आणि जोरदार पावसात मुलांना खाली ठेवूच नये. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या ओल्ड राजेंद्रनगरमध्ये तळघरातील अभ्यासिकेत पाणी शिरून तीन विद्यार्थी बुडाले.

त्या कुटुंबाने पाइपचे तोंड बागेच्या टोकाला नेले, अंगणाला उतार दिला आणि मुलाची खाट वर हलवली. इनहेलर मी बंद केलेला नाही. पुढच्या पावसाळ्यात रात्री-अपरात्री त्याला घेऊन येण्याची वेळ एकदाच आली.