पायांनी पाहावयाच्या बागा

परदेश पाहून आलेल्या माणसास पहिला प्रश्न विचारला जातो तो, "काय काय पाहिलेत?" जपानातील क्योतो नगरीत आम्ही आठ दिवस एकटेच पायी हिंडलो आणि परत आल्यावर या साध्या प्रश्नाने आम्हांस अडचणीत टाकले. कारण तेथील मंदिरांच्या बागांनी आम्हांस प्रथम शिकविले ते चालावयास.

क्योतो इ. स. 794 मध्ये राजधानी झाले आणि सुमारे हजार वर्षे तो मान त्याच्याकडे राहिला. शहराच्या पूर्वेस, डोंगराच्या पायथ्याशी, गिंकाकुजी म्हणजे 'रौप्यमंडप' हे मंदिर आहे. योशिमासा या शोगुनाने 1482 मध्ये बांधावयास घेतलेला निवास त्याच्या मृत्यूनंतर मंदिर झाला. नावातील चांदी मात्र मंडपास कधी लागलीच नाही. येथून दक्षिणेकडे कालव्याच्या काठाने सुमारे दोन किलोमीटरांची पायवाट जाते. निशिदा कितारो हे तत्त्वज्ञ येथे चिंतन करीत फिरत, म्हणून तिला 'तत्त्वज्ञाची वाट' म्हणतात.

चहागृहांच्या बागांत तर वाट म्हणजे शेवाळात अंतराअंतराने बसविलेले दगडच. पाऊल चुकू नये म्हणून मान खाली घालावी लागते. मध्येच एखादा मोठा दगड येतो. त्यावर दोन्ही पावले टेकतात, मान आपोआप वर होते आणि माळ्याने दाखवावयाचे ठरविलेले दृश्य समोर उभे राहते. या दगडांवरून दोघांस जोडीने चालता येत नाही. सोबत कितीही असो, प्रत्येकाने एकट्यानेच जावयाचे!

अशाच एका बागेत वाट दुभंगली होती. एका फाट्यावर, पुडीस दोरा बांधावा तसा काळ्या दोरीने बांधलेला लहानसा गोटा ठेवला होता. आम्ही तो शोभेचा समजून खुशाल ओलांडला. पाने झाडणारा वृद्ध माळी पुढे आला, कमरेत लवला आणि काही न बोलता त्याने दुसऱ्या वाटेकडे हात केला. पुढे कळले की त्या गोट्यास 'सेकिमोरी-इशि', म्हणजे नाकेदार दगड, म्हणतात. पाटी नाही, कुंपण नाही. पाहुणा समजेल एवढाच विश्वास. तो विश्वास आम्ही पायाने ओलांडला होता, याची लाज आजही वाटते.

शहराच्या वायव्येस र्‍योआनजी मंदिर आहे. तेथे मात्र चालणे संपते. जोडे काढून लाकडी ओसरीवर बसावयाचे. समोर सुमारे पंचवीस मीटर लांब व दहा मीटर रुंद असे पांढऱ्या रेवेचे अंगण, त्यात पंधरा दगड. ओसरीवर कोठेही बसा, एक तरी दगड दुसऱ्याच्या आड जातोच. आम्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत तीनदा मोजले. शेवटी मोजणे सोडून बसून राहिलो.

हे मंदिर झेन पंथाचे. आपला 'ध्यान' हा शब्द चीनमध्ये 'चान' झाला आणि जपानात 'झेन'. घरचाच शब्द, पण त्याच्यासमोर स्वस्थ बसावयास आम्हांस इतक्या दूर जावे लागले.

शेजारी एक अनोळखी वृद्धा बसली होती. आम्हांस न दिसणारा दगड कदाचित तिला दिसत असेल. तिच्या दृष्टीआड गेलेला आम्हांस. एकट्याने हिंडण्यातही दुसऱ्याची उणीव अशी भासते.

तेव्हा श्रोतेहो, काय पाहिलेत असे विचाराल, तर आमचे प्रामाणिक उत्तर आहे : चौदा दगड.