वाहन नसलेल्या चालकाचा दायित्व विमा (अमेरिका)

वाहन नसलेल्या चालकाचा दायित्व विमा, अर्थात नॉन-ओनर पॉलिसी, हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत प्रचलित असलेला मोटार विम्याचा एक प्रकार आहे. ज्याच्या नावावर मोटार नाही, परंतु जो अधूनमधून दुसऱ्याची किंवा भाड्याची मोटार चालवितो, अशा व्यक्तीच्या हातून इतरांना होणाऱ्या शारीरिक इजेची व मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई या विम्यातून दिली जाते. वाहन चालविण्याचा परवाना निलंबित झाल्यावर तो परत देताना अनेक राज्ये अशा विम्याचा पुरावा मागतात. बहुतेक राज्यांत हा पुरावा ‘एसआर-२२’ नावाच्या प्रमाणपत्राच्या स्वरूपात दिला जातो. स्वतःची मोटार नसलेल्या चालकालाही या अटीतून सूट मिळत नाही. कारण ही अट वाहनावर नव्हे, तर चालकावर घातलेली असते.

पार्श्वभूमी

मोटारींची संख्या वाढू लागली, तसा अपघातग्रस्तांना भरपाई कोण देणार, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभीच अमेरिकेत उभा राहिला. अपघात करणारा चालक निर्धन असेल, तर न्यायालयाचा हुकूमनामा हाती पडूनही जखमी व्यक्तीला काहीच मिळत नसे. यावर कनेक्टिकट राज्याने १९२५ साली आर्थिक जबाबदारीचा कायदा केला. गंभीर अपघात किंवा अपराध घडलेल्या चालकाने यापुढे नुकसानभरपाई देण्याची आपली ऐपत सिद्ध करावी, असे त्याचे सूत्र होते. मॅसॅच्युसेट्सने वेगळा मार्ग धरला आणि १९२७ पासून प्रत्येक मोटारीसाठी दायित्व विमा सक्तीचा केला. अन्य राज्यांनी प्रथम कनेक्टिकटचाच कित्ता गिरविला. या पद्धतीतील उणीव उघड होती: चालकाची ऐपत पहिल्या अपघातानंतर तपासली जाई, त्यामुळे त्या पहिल्या अपघातातील जखमीला कायद्याचे संरक्षण मिळत नसे. पुढे १९५०च्या दशकात न्यूयॉर्क व नॉर्थ कॅरोलायना या राज्यांनी सक्तीच्या विम्याचे कायदे केले आणि कालांतराने बहुतेक सर्व राज्ये त्या मार्गाने गेली. तरीही जुन्या कायद्यांतील ‘ऐपत सिद्ध करा’ ही अट नाहीशी झाली नाही. निलंबित चालकांपुरती ती टिकून राहिली. एसआर-२२ हे तिचेच आजचे रूप होय.

एसआर-२२ प्रमाणपत्र

एसआर-२२ हा विमा नव्हे. अमुक चालकाने राज्याने ठरविलेल्या किमान रकमेचा दायित्व विमा घेतला आहे, असे विमा कंपनीने राज्याच्या मोटार वाहन विभागाला दिलेले ते प्रमाणपत्र आहे. चालकाला ते स्वतः तयार करता येत नाही; ते विमा कंपनीनेच, बहुधा संगणकीय पद्धतीने, दाखल करावयाचे असते. या प्रमाणपत्राबरोबर कंपनीवर एक कर्तव्यही येते. विमा रद्द झाला किंवा त्याची मुदत संपली, तर तिला तसे राज्याला कळवावे लागते. या सूचनेच्या नमुन्याला ‘एसआर-२६’ म्हणतात.

प्रमाणपत्राचे तीन प्रकार आढळतात: चालकाच्या मालकीच्या वाहनांपुरते, दुसऱ्याची वाहने चालविणाऱ्यासाठी असलेले, आणि दोन्हींचा समावेश असलेले. वाहन नसलेल्या व्यक्तीसाठी यांपैकी दुसरा प्रकार वापरतात.

अट केव्हा लागू होते

पुढील कारणांनी परवाना निलंबित झाल्यास असे प्रमाणपत्र मागितले जाते. कारणांची नेमकी यादी राज्यागणिक बदलते.

• मद्यपान करून वाहन चालविणे
• विम्याविना वाहन चालविणे किंवा विमा नसताना अपघात घडणे
• अपघातातील भरपाईचा न्यायालयीन हुकूमनामा न फेडणे
• परवाना निलंबित असताना वाहन चालविणे
• वाहतूक नियमांच्या वारंवार उल्लंघनामुळे दोषगुण वाढत जाणे

यांपैकी कोणत्याही कारणाचा चालकाकडे स्वतःची मोटार असण्याशी संबंध नाही. मित्राची मोटार चालविताना पकडली गेलेली व्यक्ती, किंवा निलंबनाच्या काळात आपली मोटार विकून टाकलेली व्यक्ती, परवाना परत मागू लागली की तिलाही हीच अट लागू होते.

विम्याचे स्वरूप व मर्यादा

दायित्व विम्याची रक्कम अमेरिकेत सामान्यतः तीन आकड्यांत सांगितली जाते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून या किमान मर्यादा ३०/६०/१५ अशा आहेत. याचा अर्थ, एका जखमी किंवा मृत व्यक्तीसाठी ३०,००० डॉलर, एका अपघातातील सर्व व्यक्तींसाठी मिळून ६०,००० डॉलर आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी १५,००० डॉलर. त्यापूर्वी याच मर्यादा १५/३०/५ होत्या. टेक्सासमध्ये त्या ३०/६०/२५, तर इलिनॉयमध्ये २५/५०/२० आहेत.

अमेरिकेत विमा प्रथम वाहनाचा मानला जातो. म्हणून मागून घेतलेल्या मोटारीच्या अपघातात आधी मोटारमालकाचा विमा भरपाई देतो आणि ती अपुरी पडल्यास चालकाची नॉन-ओनर पॉलिसी उपयोगी पडते. समजा, एखाद्याने मित्राची मोटार चालविताना पादचाऱ्याला धडक दिली आणि ५०,००० डॉलर भरपाई देणे आले. मित्राच्या विम्याची प्रतिव्यक्ती मर्यादा ३०,००० डॉलर असेल, तर उरलेले २०,००० डॉलर चालकाच्या पॉलिसीतून, तिच्या मर्यादेत, दिले जातात. मात्र त्या अपघातात मित्राच्या मोटारीचे जे नुकसान झाले, त्याचा खर्च या पॉलिसीतून मिळत नाही.

या विम्यात सामान्यतः पुढील गोष्टी समाविष्ट नसतात.

• चालविल्या जाणाऱ्या वाहनाची दुरुस्ती किंवा चोरी
• स्वतःच्या मालकीचे वाहन
• घरातील अन्य सदस्याचे, किंवा नेहमी वापरायला उपलब्ध असलेले, वाहन

तिसरा अपवाद विशेष महत्त्वाचा आहे. पतीच्या नावावर मोटार असेल आणि पत्नी ती रोज चालवीत असेल, तर तिच्यासाठी ही पॉलिसी योग्य नव्हे. तिचे नाव त्या मोटारीच्या विम्यात घालून त्या विम्याच्या आधारे एसआर-२२ दाखल करावे लागते. घरात मोटार असल्याचे लपवून घेतलेली पॉलिसी ऐन अपघाताच्या वेळी निरुपयोगी ठरू शकते.

परवाना परत मिळविण्याची प्रक्रिया

१. निलंबनाच्या आदेशात कारण, मुदत व अटी नमूद असतात. एसआर-२२ आवश्यक आहे का आणि किती काळ, हे त्यावरून किंवा मोटार वाहन विभागाकडून निश्चित करून घ्यावे लागते.

२. नॉन-ओनर पॉलिसी देणारी व त्या राज्यात एसआर-२२ दाखल करणारी कंपनी शोधावी लागते. सर्वच कंपन्या ही सेवा देत नाहीत. खुल्या बाजारात विमा नाकारला गेलेल्या चालकांसाठी काही राज्यांत वाटून दिलेल्या जोखमीची योजना असते. तीत अशा चालकांची जबाबदारी विमा कंपन्यांमध्ये विभागली जाते. कॅलिफोर्नियातील ऑटोमोबाइल असाइन्ड रिस्क प्लॅन हे तिचे उदाहरण होय.

३. विमा हप्ता आणि प्रमाणपत्र दाखल करण्याचे शुल्क भरल्यावर कंपनी प्रमाणपत्र राज्याकडे पाठविते. हे शुल्क विमा हप्त्याच्या मानाने किरकोळ असते; खरा भार पडतो तो अपराधामुळे वाढलेल्या हप्त्याचा.

४. निलंबनाची मुदत, दंड, मद्यपानविषयक अभ्यासक्रम यांसारख्या अन्य अटी पूर्ण करून परवाना पूर्ववत करण्याचे शुल्क विभागाकडे भरावे लागते.

५. परवाना पूर्ववत झाल्याची नोंद होईपर्यंत वाहन चालविता येत नाही. विमा घेणे म्हणजे वाहन चालविण्याची परवानगी मिळणे नव्हे. या काळात वाहन चालविल्यास तो नवा, आणि बहुधा अधिक गंभीर, अपराध ठरतो.

विम्याऐवजी रोख अनामत किंवा जामीनरोखा ठेवण्याची सोय काही राज्यांत आहे. परंतु त्यासाठी लागणारी रक्कम मोठी असल्याने सामान्य चालकाला ती क्वचितच परवडते.

विमा खंडित झाल्यास

कॅलिफोर्निया व इलिनॉय या राज्यांत एसआर-२२ सामान्यतः तीन वर्षे, तर टेक्सासमध्ये दोषसिद्धीच्या तारखेपासून दोन वर्षे चालू ठेवावे लागते. या काळात हप्ता थकून विमा रद्द झाला, तर कंपनीची सूचना राज्याकडे जाते आणि परवाना पुन्हा निलंबित होतो. काही राज्यांत मुदतीची मोजणीही नव्याने सुरू होते. म्हणून कंपनी बदलावयाची असल्यास नव्या कंपनीचे प्रमाणपत्र दाखल झाल्यानंतरच जुना विमा बंद करणे आवश्यक ठरते.

मधल्या काळात चालकाने मोटार विकत घेतली, तर नॉन-ओनर पॉलिसी तिला लागू होत नाही. त्या मोटारीचा विमा व नवे प्रमाणपत्र घ्यावे लागते. दुसऱ्या राज्यात स्थलांतर केल्यानेही अट संपत नाही. ती घालणाऱ्या मूळ राज्याकडे प्रमाणपत्र चालू ठेवावे लागते. निलंबित चालकांची माहिती राज्यांना परस्परांकडून मिळावी, यासाठी १९६० साली स्थापन झालेली राष्ट्रीय चालक नोंदवही आहे.

राज्याराज्यांतील भेद

विमा व परवाना हे दोन्ही विषय अमेरिकेत राज्यांच्या अखत्यारीत येतात. न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया यांसारख्या काही राज्यांत एसआर-२२ हा नमुना वापरला जात नाही. फ्लोरिडा व व्हर्जिनिया येथे मद्यपान करून वाहन चालविल्याबद्दल दोषी ठरलेल्यांसाठी ‘एफआर-४४’ हे अधिक कडक प्रमाणपत्र आहे. फ्लोरिडात त्यासाठी १००/३००/५०, म्हणजे १,००,०००, ३,००,००० व ५०,००० डॉलरचा विमा लागतो. व्हर्जिनियात नेहमीच्या किमान मर्यादेच्या दुप्पट. न्यू हॅम्पशायरमध्ये सर्वसामान्य चालकाला विम्याची सक्ती नाही. तथापि तेथेही ठरावीक अपराधांनंतर आर्थिक जबाबदारीचा पुरावा मागितला जातो.

न्यायालयीन निर्णय

बेल विरुद्ध बर्सन (१९७१) या खटल्यात जॉर्जिया राज्याचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. अर्जदार धर्मोपदेशक होते व तीन ग्रामीण वस्त्यांतील कामासाठी त्यांना मोटारीने फिरावे लागे. सायकलवरील पाच वर्षांची मुलगी त्यांच्या मोटारीच्या बाजूवर आदळली. त्यांचा विमा नव्हता. म्हणून ५,००० डॉलरच्या दाव्याइतकी अनामत ठेवा, अन्यथा परवाना निलंबित होईल, असे राज्याने कळविले. अपघातात चूक कोणाची, हे पाहण्यास राज्याने नकार दिला. एकदा दिलेला परवाना चरितार्थाचे साधन बनलेला असू शकतो. त्यामुळे जबाबदारीच्या शक्यतेची सुनावणी घेतल्याविना तो काढून घेता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला.

त्याच वर्षीच्या पेरेझ विरुद्ध कॅम्पबेल या खटल्यात ॲरिझोनाचा कायदा विचाराधीन होता. अपघाताच्या भरपाईचे ऋण नादारीच्या कायद्याने माफ झाल्यानंतरही, ते फेडले नाही म्हणून परवाना निलंबित ठेवणे संघीय कायद्याशी विसंगत आहे, असे न्यायालयाने ठरविले.

टीका

सार्वजनिक वाहतूक तुरळक असलेल्या भागांत परवाना गेला की नोकरीवर जाणे कठीण होते. नोकरी गेली की दंड, शुल्क व हप्ता भरता येत नाही. आणि ते भरल्याविना परवाना मिळत नाही. या दुष्टचक्रावर टीका होत आली आहे. केवळ दंड थकल्यामुळे परवाना निलंबित करण्याची पद्धत कॅलिफोर्नियाने २०१७ साली बंद केली. दुसऱ्या बाजूने, विमा नसलेल्या चालकाच्या धडकेने जखमी झालेल्याला उपचाराचा खर्च स्वतः सोसावा लागतो, हे या कायद्यांचे मूळ कारण आजही कायम आहे. मोटार नसलेल्या निलंबित चालकाला नॉन-ओनर पॉलिसी या दोन्ही बाजूंच्या मध्ये वाट काढून देते: अपघातग्रस्ताला किमान भरपाईची हमी मिळते आणि चालकाला मोटार न घेता परवाना परत मिळविता येतो.

भारतातील कायद्याशी तुलना

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या वाहनाचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. कलम १९ नुसार परवाना अधिकारी परवाना निलंबित करू शकतो. परंतु तो परत देताना चालकाने वैयक्तिक दायित्व विम्याचे प्रमाणपत्र दाखल करावे, अशी एसआर-२२ सारखी व्यवस्था भारतात नाही. येथे विमा वाहनाशी जोडलेला असतो. शिक्षण किंवा नोकरीनिमित्त अमेरिकेत गेलेल्या मराठी भाषकांनी हा भेद ध्यानात घेणे उपयुक्त ठरते. स्वतःची मोटार नसली, तरी तेथे विम्याची जबाबदारी व्यक्तिशः आपल्यावर येऊ शकते.