गोड खाल्लं नाही, तरी साखर का वाढली?

खुलताबादहून तुमची ताई बोलतेय, बचत गटांची समन्वयक. आज हप्ता, व्याज, बँक यातलं काही नाही. आज साखरेबद्दल बोलू. डब्यातल्या नाही, रक्तातल्या.

मागे एका गटाच्या बैठकीत एक मावशी गप्प बसून होत्या. त्यांना सहा वर्षांपासून शुगर आहे. उपाशीपोटी साखर 130 च्या आसपास असायची, ती एकदम 210 आली. घरी सून म्हणाली, "आई, चोरून गोड खाता का?" मुलगा रागावला. मावशींनी चहातली साखर तर कधीच सोडली होती. आता त्यांनी रात्रीची भाकरीही सोडली, पण गोळी तेवढीच चालू ठेवली. एका पहाटे अंगाला दरदरून घाम सुटला आणि चक्कर येऊन न्हाणीत पडल्या. थोडक्यात वाचल्या.

बैठक संपल्यावर त्या थांबल्या. म्हणाल्या, "अद्रकीचा भाव पडला. गटाबाहेर एक कर्ज काढलंय, घरात कुणाला ठाऊक नाही. हप्त्याची तारीख जवळ आली की डोळ्याला डोळा लागत नाही." मग माझ्या लक्षात आलं, साखर पोटातून नाही, काळजीतून वाढत होती.

हे कसं होतं ते सांगते. आपलं यकृत, म्हणजे लिव्हर, ही साखरेची कणगी आहे. जास्तीची साखर तिथं साठते. समजा, मक्यात रानडुक्कर दिसलं. पळायला ताकद हवी, म्हणून शरीर ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल नावाची रसायनं सोडतं. ती यकृताला सांगतात, कणगी उघड. साखर रक्तात येते, आपण पळतो, साखर वापरली जाते. काम झालं.

पण शरीराला रानडुक्कर आणि वसुलीचा फोन यातला फरक कळत नाही. फोन आला तरी कणगी उघडते. आपण पळत नाही, चुलीपुढे बसून विचार करतो. साखर रक्तातच राहते. निरोगी माणसाचं इन्सुलिन ती पुन्हा आवरतं. मधुमेहात इन्सुलिन कमी पडतं किंवा नीट काम करत नाही, आणि कॉर्टिसॉल त्याचं काम आणखी अवघड करतं. ताप, जखम, लघवीच्या जागेचा संसर्ग हाही शरीराला ताणच असतो, त्यानंही साखर चढते.

दुसरी वाट आपल्या वागण्यातून जाते. काळजीत गोळी चुकते, झोप मोडते, जेवणाची वेळ टळते, नुसत्या चहा-बिस्किटावर दिवस निघतो. त्यानंही साखर बिघडते.

म्हणून घरच्यांना सांगणं आहे. साखर वाढली की आधी "काय खाल्लं?" असं दरडावू नका. "गोळी घेतली का? झोप लागते का? मनात काय आहे?" हेही विचारा. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आपला ताण साखरेवर किती चालतो हे वहीत बघता येतं. साखर तपासाल तेव्हा आकडा लिहा. शेजारी काळजीला 1 ते 10 मधला गुण द्या, 1 म्हणजे निवांत, 10 म्हणजे जीव टांगणीला. दोन-तीन आठवड्यांत दिसेल, दोन्ही आकडे बरोबर चढतात का. ती वही डॉक्टरांना दाखवा. लिहिता येत नसेल तर नातीकडून लिहून घ्या.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. छातीत धडधड, हाताची थरथर, घाम, घाबरं होणं हे टेन्शननं होतं, तसंच साखर कमी झाल्यानंही होतं. "टेन्शन आलंय" म्हणून पडून राहू नका. साखर तपासा. 70 पेक्षा कमी असेल, किंवा तपासायची सोय नसेल, तर तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा घ्या, बरं वाटलं की थोडं जेवा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, 108 ला फोन करा.

ताण उतरवायला जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला, त्यात साखरही खर्च होते. रात्री पाच मिनिटं सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. मन फारच खचलं असेल तर टेलि-मानसच्या 14416 या नंबरवर मोफत बोलता येतं, दिवसा-रात्री कधीही. पण काळजी कमी झाली म्हणून मधुमेह जात नाही. गोळी किंवा इन्सुलिन मनानं बंद करू नका. उपास किंवा रोजे धरायचे असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकीनं आशाताईंना सांगून उपकेंद्रात साखर तपासून घ्यावी.

मावशींचं पुढे काय झालं? डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, रात्रीची भाकरी पुन्हा सुरू झाली. कर्जाचं त्यांनी घरी सांगितलं. मुलगा दोन दिवस बोलला नाही, मग त्यानंच कागद काढून हिशेब मांडला. कर्ज अजून फिटायचंय. पण आता त्याची काळजी एकट्या मावशींच्या डोक्यावर नाही, आणि साखरही हळूहळू खाली येतेय.

आपण दर बैठकीत पैशांची बचत लिहितो. पुढच्या बैठकीत हिशेब झाल्यावर दहा मिनिटं जास्त बसा, आणि जी गप्प आहे तिला विचारा, "बाई, झोप लागते का?"